करडूच्या नावाने अंघोळ केली नव्हती

वेळणेश्वर, ता. ८ नोव्हेंबर १९३१

करडू,

वर तुझं नाव घातलं नाही म्हणून कागद फाडू नकोस. आधी पुरतं वाच, मग काय फाडायचं ते फाड. 'चिरंजीव सौभाग्यवती'ही लिहिलेलं नाही. ते लिहिलं की पुढे नाव येतं, आणि ते नाव तोंडाने घेणार नाही, हाताने लिहिणार नाही, असं मी गेल्या वर्षी देवळात सर्वांसमक्ष कबूल करून बसलोय. तू पुन्हा लग्न केल्याची बातमी आली त्याच्या चौथ्या दिवशी विहिरीवर दोन घागरी डोक्यावर ओतून घेतल्या, नाव उच्चारलं, 'ही आम्हांला मेली' म्हटलं. दत्तात्रेय काठाशी उभा होता, नीट ऐकू येतंय की नाही ते बघायला. चुलतभाऊ असावा तर असा! नसतं केलं तर पंगतीतून उठवलं असतं आणि देवाच्या पूजेची पाळी गेली असती. ही काही सबब नव्हे, काय घडलं ते सांगतो.

पण मी अठ्ठावीस वर्षं मास्तरकी केली आहे गो. शब्दाला शब्द लावून बघतो. अंघोळ केली ती शाळेच्या दाखल्यातल्या नावाने. करडूच्या नावाने कोणी करायला सांगितली नाही आणि मी केलीही नाही. तेव्हा करडू जिवंत आहे आणि त्याला मी पत्र लिहू शकतो. कोणा शास्त्र्याने यात खोट काढून दाखवावी.

हा शब्दसुद्धा आता म्हातारा झाला. वर्गात सगळी 'बकरीचं पिल्लू' म्हणतात, मी करडू म्हटलं की तोंडावर हात धरून हसतात. हसोत मेली. तू सातव्या महिन्यात आलीस, ओंजळीत मावशील एवढी. तुझी आई तापाने फणफणलेली, अंगावर दूध नाही. खालच्या वाडीतल्या तुळसाने आपली व्यालेली शेळी आणून गोठ्यात बांधली. ब्राह्मणाच्या गोठ्यात शेळी म्हणून दत्तात्रेय तेव्हाही नाक मुरडून गेला होता. एका बाजूला शेळीचं करडू, दुसऱ्या बाजूला वाटीचमच्याने तू. तुझी आई म्हणायची, "दोन करडं वाढवत्ये मी, त्यातलं एक माझं." ते दुसरं तुझ्याआधी उड्या मारू लागलं याचं तिला फार वाईट वाटायचं.

असो. तुझी तीन पत्रं पोचली. आईच्या नावे लिहिलेली, पण तिला अक्षरओळख नाही हे तुला ठाऊकच आहे. मीच वाचून दाखवली. तू विचारलं आहेस की आई मला भेटेल का, मी आले तर दारात उभी करेल का. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "तिला लिहा, मी रागावल्ये नाही. पण एवढ्यात येऊ नको म्हणावं. गावाची तोंडं जरा मिटू देत." पदराने डोळे पुसले आणि चुलीपाशी गेली.

तुझ्या यजमानांना, राजाभाऊंना, काय लिहावं ते कळत नाही. माणूस बरा असावा. दवाखान्यात कंपाउंडर आहेत तर त्यांना विचार, रात्री धाप लागते त्यावर काही औषध आहे का. तुझ्या आईला लागते.

आप्पा

वेळणेश्वर, ता. २१ फेब्रुवारी १९३२

करडू,

तुझं पत्र म्हणजे पत्र नव्हे, फटके आहेत. 'आप्पा, तुम्ही पळवाट काढलीत' काय, 'करडू मागच्या दाराने येतं, मी पुढच्या दाराने येईन' काय! आणि शेवटी सही ठोकली आहेस ती केवढी, खाली दोन रेघा मारून. शिंचे, तुला अक्षर मीच शिकवलं ना? तू विधवा होऊन परत आलीस तेव्हा चौदाची होतीस. सगळे म्हणत होते हिचे केस उतरवा, आणि मी पाटी आणून दिली. एवढं तरी लक्षात ठेव. रागावलेली असलीस तरी ठेव.

पण पत्राच्या मधोमध जी एक ओळ घातली आहेस, ती मी शाळेच्या पडवीत दोनदा वाचली आणि बोटांवर महिने मोजले. पाचवा महिना म्हणजे बाळंतपण जेठाच्या सुमाराला. पहिलटकरणीने माहेरी यावं ही रीतच आहे, तू काही जगावेगळं मागितलं नाहीस.

आईला सांगितलं. फार आनंद झाला तिला. पण ती म्हणाली, "जेठात दर्या खवळतो, आगबोटी बंद होतात. आधी यायचं तर बोटीतल्या हेलकाव्यांनी पोरीला काही झालं तर? ही पण सातव्यातच झालेली. तिथे डॉक्टर आहेत, तिथेच राहा म्हणावं." तिचं म्हणणं मलाही पटलं. शिवाय तिने सांगितलंय की डिंकाचे लाडू खा, हळीव दुधातून घे, सुंठ कमी. उंबऱ्यावर बसू नको. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून फिरू नको. मुंबईत उंबरे असतात की नाही ते मला माहीत नाही, तिने सांगितलं म्हणून लिहिलं.

औषधाची बाटली पोचली. कडू आहे म्हणते, पण घेते.

आप्पा

वेळणेश्वर, ता. ३ जुलै १९३२

करडू,

राजाभाऊंचं कार्ड भिजून आलं, तरी 'मुलगी' आणि 'दोघी सुखरूप' एवढं वाचता आलं. तेवढं पुरे. त्या दिवशी पोरांना अर्धी सुट्टी देऊन टाकली. कारण विचारलं तर म्हटलं, "तुम्हांला सुट्टी हवी की कारण हवं?" पळाली सगळी. मग एकटाच देवळामागे समुद्रावर जाऊन उभा राहिलो. पाऊस एवढा होता की रडलो असतो तरी कळलं नसतं. रडलो.

तू आईला लिहिलंस की नाव तू सुचव, तुझ्या तोंडचं नाव माझ्या लेकीला हवं. तर तिने सुमेधा सुचवलं आहे. तुला पसंत नसेल तर दुसरं ठेव.

बारशाला काही पाठवता आलं नाही. गूळ-खोबरं पाठवावं तर इथे दत्तात्रेयची बायको पोस्टात काय जातं त्यावर डोळा ठेवून असते. तुळसाने मात्र विहिरीवर अडवलं आणि विचारलं, "आप्पा, पोरीचा काय कळला काय?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "माज्या शेळीच्या दुधावर वाडलेला प्वार हाय ता, मना सांगूचा व्हता." काही कळलं की सांगतो म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. या बाईला फसवणं कठीण.

बाळाला खोकला झाला तर ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायची. आई म्हणते, तुलाही तिने तसंच जगवलं.

आप्पा

वेळणेश्वर, ता. ३० सप्टेंबर १९३३

करडू,

तुला काय झालंय तरी काय? पत्रात आठ प्रश्न. उलटतपासणी करणाऱ्या वकिलासारखी लिहितेस.

सुमेधा हे नाव आईच्या तोंडी कसं आलं, ती तर चिमी-ठकी याच्यापलीकडे जात नाही, असं विचारतेस. कीर्तनात ऐकलं असेल. हळीव तिला मुळात चालत नाहीत, उष्ण पडतात म्हणून तिने तुझ्या मावशीलाही दिले नव्हते, हे तुला आता आठवलं. माणसाचं मत बदलतं. आई स्वतःहून एकदाही तुझ्या लग्नाबद्दल चकार शब्द कसा काढत नाही? अगो, काय काढायचं त्यात?

ती बरी आहे. धाप वाढली आहे एवढंच. पायांना थोडी सूज आहे. स्वयंपाक मी करतो. भात गिचका होतो, आमटी आईच्या शब्दांत 'समुद्रातनं भरून आणल्यासारखी', पण जेवते. दुपारी पडवीत खांबाला टेकून बसते, वर चढून येणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्यांकडे तोंड करून.

दिवाळीला दोघींनी यायचं म्हणतेस. सव्वा वर्षाची नात आहे, तिने आजीला पाहायला नको का, म्हणतेस. नको कसं? पण दिवाळीत सगळे भाऊबंद गावात असतात. तुळशीचं लग्न होऊन जाऊ दे. मुंबईकर परत गेले की मग बघू. तोवर मी आईच्या कानावर घालून ठेवतो.

दाभोळची आगबोट आता सुरू झाली आहे हे मला माहीत आहे. तू दोनदा लिहायला नको होतं.

आप्पा

वेळणेश्वर, ता. १४ डिसेंबर १९३३

करडू,

दत्तात्रेयच्या हातचं, राजाभाऊंच्या नावे टाकलेलं कार्ड मिळालं असेल. मला लिहिता आलं नाही.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास. त्रास फार झाला नाही. तार करायला गुहागरास माणूस पाठवणार होतो, पण तू पोचेपर्यंत ठेवता आलं नसतं.

येऊ नकोस. आता काय आहे इथे.

आप्पा

वेळणेश्वर, ता. १९ जानेवारी १९३४

मालिनी,

नाव लिहिलं. त्याचं कौतुक करू नकोस. तेराव्याला पंगतीत दत्तात्रेयने सर्वांदेखत विचारलं, वहिनींच्या मागे कोण? मी म्हटलं, "मी, आणि मुलगी मालिनी, आणि तिची मुलगी सुमेधा." अर्धी पंगत भरल्या पानावरून उठली. पूजेची पाळी गेली. मला काहीच वाटलं नाही गो. एवढं सोपं होतं ते. याच भीतीने तीन वर्षं काढली, आणि ती भीती म्हणजे वाढून ठेवलेली बारा पानं आणि दत्तात्रेयचा एक ठसका एवढीच निघाली.

तुझं पत्र पाच दिवस खिशात घेऊन फिरतोय. तू लिहिलंस, 'आई गेली, पण एक समाधान आहे. ती माझ्याशी बोलत होती. तिचे निरोप मी पेटीत जपून ठेवले आहेत. सुमेधा मोठी झाली की तिला वाचून दाखवीन. आप्पा, शेवटी ती माझ्याविषयी काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहा, एक शब्द बदलू नका.'

शब्द न बदलता लिहायचं तर सगळंच लिहावं लागेल. मी तुझ्या आईला तुझं एकही पत्र वाचून दाखवलं नाही.

एकही नाही. तू धाडलेली चौदा पत्रं शाळेत नकाशांच्या कपाटात आहेत. 'रागावल्ये नाही' हे मी लिहिलं. आगबोटीचे हेलकावे माझे, हळीव माझे, सुमेधा हे नावही माझं. ओव्याचा शेक तेवढा तिचा, तो तू लहान असताना तिला करताना मी पाहिला होता. तुझ्या लग्नाआधीचं जे मला आठवत होतं, त्यातून मी तिला बोलायला लावत होतो. तुझा संशय खरा होता. लेकीला आईची भाषा मास्तरापेक्षा जास्त कळते.

तू आई होणार हे तिला ठाऊक नव्हतं. नात आहे हे तिला ठाऊक नव्हतं. माझ्या लेकीला नाव दे म्हणून तू तिला मागणं घातलं होतंस, तेही तिला ठाऊक नव्हतं.

टपालवाला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. त्या दोन दिवशी ती हातातलं काम टाकून, ओले हात लुगड्याला पुसत, पडवीच्या दारात येऊन उभी राहायची. विचारायची काही नाही. माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, "बोर्डाचं आहे, शाळेचं." मग आत जायची. एकदा तुळसा तिला म्हणाली की मुंबईहून पोरीचा कागद आल्यासारखं ऐकलं. त्या शुक्रवारी तिने माझ्या हातातून पाकीट घेतलं. उलटसुलट करून पाहिलं. वरच्या अक्षरांवरनं बोट फिरवलं. ते तुझंच होतं, बाळंतपणाला येऊ का म्हणून विचारलेलं. "बोर्डाचं काय हो?" म्हणाली. मी हो म्हटलं. तिने ते मला परत दिलं, वर म्हणाली, "अक्षर चांगलं आहे बोर्डाचं."

देवळात शब्द दिला होता म्हणून वाचलं नाही, असं मी पहिलं वर्षभर स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. पत्राखालची तुझी सही गाळून बाकी सगळं वाचता आलं असतं. 'करडूचं पत्र आलंय ग' म्हटलं असतं तरी दत्तात्रेय काय, देवही अडवू शकला नसता. स्वतःसाठी मी ती वाट काढली, तिच्यासाठी काढली नाही. कारण मला माहीत होतं, तू बोलावते आहेस हे कळलं की ती नेसत्या लुगड्यानिशी दाभोळचा धक्का गाठेल. मागे वळून बघणार नाही. विहिरीवरनं ओलेत्याने परत आलो त्या दिवसापासून ती माझ्याशी मीठ-भाताखेरीज बोलली नव्हती. ती तुझ्याकडे गेली तर परत येणार नाही, आणि या घरात मी एकटा उरेन, याची मला भीती वाटली. बायको उठून जाईल म्हणून लेकीची पत्रं लपवली. आता दोघीही नाहीत आणि घरात मी एकटाच आहे.

ज्या दिवसापासून पायांची सूज वर चढू लागली, त्या दिवसापासून रोज ठरवत होतो, आज सांगतो. रोज वाटायचं, आता सांगितलं तर ती विचारेल, इतके दिवस का नाही सांगितलं. जेवढे दिवस गेले तेवढं ते अवघड होत गेलं. तुला दिवाळीला येऊ दिलं नाही तेही यासाठीच. तू कडेवर पोर घेऊन दारात उभी राहिली असतीस आणि एका क्षणात सगळं उघडं पडलं असतं.

हे न सांगता मी मरू शकलो असतो. तुझ्या पेटीत ते खोटे निरोप राहिले असते आणि तुला बरं वाटत राहिलं असतं. तसं करणं दयेचं की हे दयेचं, मला कळत नाही. पण तू उद्या ते तुझ्या लेकीला वाचून दाखवणार, आजी अशी होती म्हणून सांगणार. तुझी आई तशी नव्हती. ती हळीव खा म्हणाली नसती. येऊ नको तर ती मेली असती तरी म्हणाली नसती. निदान तुझ्याजवळ तरी ती खरी राहू दे.

आता तू मागितलंस ते. मंगळवारी जेवणवेळ टळून गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं. श्वास पुरत नव्हता, दोन शब्दांमागे थांबत होती. म्हणाली, "मी गेल्यावर पोरीवर राग धरू नका हो. एवढ्या वर्षांत एक ओळ नाही तिची, पण तिचं काय चुकलं? आपणच तिच्या नावाने अंघोळ केली. मेलेलं माणूस पत्र कुठनं लिहील?"

मग तिने भिंतीकडे तोंड केलं. पुढे तास-दीड तास होती. कान शाबूत होते, कावळा ओरडला तर पापणी हलत होती. देवळाच्या पलीकडे शाळा, चालत पाच मिनिटं, कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला. मी उठलो नाही.

आप्पा